तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले आणि परत आले

अबोली | १६ जुलै २०२५, रात्री ११:४२

मी इथे सहा-सात वर्षं नुसती वाचक आहे. पाककृतींवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील, तेवढेच. आज लिहितेय, कारण घरात सांगता येत नाही.

वय ४१, राहायला धायरीला. बी.कॉम. झाल्यावर २००६ ते २०१४ भोसरीतल्या एका लहान कारखान्याचे अकाउंट्स बघत होते. मग मुलगा झाला आणि पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण. अकरा वर्षं कशी गेली ते विचारू नका, गेली. आता मुलगा सहावीत आहे. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. सकाळी साडेअकरानंतर घर इतकं शांत होतं की फ्रीजचा आवाज ऐकू येतो.

जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने कळवलं की टिळक रोडजवळ एका सीएंच्या ऑफिसात अकाउंटंट हवी आहे, "मी बोलून ठेवलंय, सोमवारी अकराला नुसती जाऊन भेट." सोमवारी गेले. आधी कुर्ता घातला होता, तो बदलून साडी नेसले. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत आर्टिकल, म्हणजे सीएची उमेदवारी, करणारी पोरं असावीत, माझ्या भाच्याच्या वयाची. मी दोन मिनिटं दारात उभी राहिले आणि जिना उतरून खाली आले.

तिथून मंडईत गेले, दोन किलो घेवडा घेतला आणि घरी येऊन सांगितलं की जागा भरली म्हणाले. मैत्रिणीचे दोन फोन आले, उचलले नाहीत.

आत्मविश्वास कसा वाढवायचा? इंग्रजी बोलण्याचा क्लास लावू का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सहा हजारांच्या एका व्यक्तिमत्त्व विकास कोर्सची जाहिरात आली आहे. कोणी असा केला आहे का?

---

टेकडीवाला | १७ जुलै, सकाळी ६:१०

रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी लिहितो. दोन किलो घेवडा मात्र जास्त झाला.

---

सकारात्मक_रहा | १७ जुलै, सकाळी ९:०५

ताई, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून एकवीस वेळा म्हणा, "मी समर्थ आहे, मी यशस्वी आहे." मी करते. विश्वास ठेवा, विश्वात ऊर्जा असते आणि आपण जे पाठवतो तेच परत येतं.

---

शनवारपेठी | १७ जुलै, सकाळी ९:३१

विश्वाचं राहू द्या. परत येण्याचं काम धागाकर्तीने आधीच केलंय, जिन्यातून.

(सहा हजार मात्र वाचवा, अबोलीताई. त्या कोर्समध्ये शेवटच्या दिवशी सगळ्यांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावतात आणि पुढच्या अठरा हजारांच्या कोर्सचं पत्रक देतात. आमच्या चुलतभावाने तिन्ही पायऱ्या पूर्ण केल्या. अजून दुकानात गिऱ्हाईक आलं की आत जाऊन वहिनीला बोलावतो.)

---

मनकवडी | १७ जुलै, दुपारी १:२०

शनवारपेठी, जरा हळू.

पण आरशाच्या उपायाबद्दल एक सांगायलाच हवं. २००९ साली कॅनडात जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना स्वतःबद्दल "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं वाक्य मनात घोळवायला सांगितलं. ज्यांना मुळात स्वतःबद्दल बरं वाटत होतं, त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांना वाटत नव्हतं, त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. कारण सरळ आहे. खोटं वाक्य म्हटलं की मन लगेच पुरावा मागतं आणि आतून "कुठे?" असा आवाज येतो.

मानसशास्त्रात या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होणारं नाव आल्बर्ट बांडुरा. १९७७ च्या त्यांच्या मांडणीत "हे मला जमेल" या भावनेची चार उगमस्थानं आहेत: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्या कोणाला करताना पाहिलेलं, दुसऱ्याने दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यातलं पहिलं सर्वांत बळकट. धीर देणं बरंच खाली येतं, म्हणजे आम्ही सगळे इथे जे करतोय ते. तरी करतो.

शिवाय हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. पोहता येतं म्हणून भाषण जमेल असं नाही. म्हणून "माझ्यात आत्मविश्वास नाही" हे वाक्य मला फार ढोबळ वाटतं.

---

हिंजवडी_जॅम | १७ जुलै, रात्री ९:५०

(भूमकर चौकात पस्तीस मिनिटं उभा आहे, इथूनच टंकतोय. गाडी मी चालवत नाहीये, काळजी नसावी.)

मी आमच्याकडे मुलाखती घेतो, क्षेत्र वेगळं आहे, तरी एक सांगतो. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायका येतात आणि पहिल्या मिनिटाला माफी मागायला लागतात. "सॉरी, गॅप आहे." मग घरातल्या आजारपणाची पूर्ण हकिकत. समोरच्याला ती नको असते. त्याला इतकंच कळायला हवं असतं की तुम्ही आता रोज येणार का आणि काम येतं का. बायोडेटात एक ओळ लिहा: "२०१४ ते २०२५ कौटुंबिक जबाबदारी, आता पूर्णवेळ उपलब्ध." पुढे त्याने विचारलं तरच बोला.

आणि पगाराचा आकडा ठरवून जा. न ठरवता गेलात तर ते सांगतील त्याला मान डोलावून परत याल.

---

टेकडीवाला | १७ जुलै, रात्री १०:१५

लिहिणार होतो, पण मनकवडी यांनी माझं काम केलं. आमच्या टेकडीच्या ग्रुपमध्ये एक आजी आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्यांनी पहिल्या दिवशी दहाच चढल्या आणि उतरल्या. दुसऱ्या दिवशीही दहाच. "अकरावी का नाही?" विचारलं तर म्हणाल्या, "दहाची खात्री होऊ दे की."

---

खतावणी | १८ जुलै, सकाळी ७:४०

ताई, मी निवृत्त अकाउंटंट. उपदेश करण्याआधी एक विचारतो. दारात तुम्ही दोन मिनिटं उभ्या होतात. आधी जिना चढेपर्यंत पाय चालत होते. मग त्या दोन मिनिटांत नेमकं काय झालं? कोणी बघितलं? कोणी काही बोललं? आठवून लिहा, घाई नाही.

---

अबोली | १८ जुलै, दुपारी १२:१०

खतावणीकाका, तुमचा प्रश्न वाचून भाजी करपली.

कोणीही माझ्याकडे बघितलं नाही. आतून एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "टू-बी आलंय, मॅच करायला घे." दुसरा म्हणाला, "त्या वाकडच्या पार्टीचं परत मिसमॅच असणार." आणि दोघं हसले.

मला टू-बी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी काम सोडलं तेव्हा व्हॅट होता, एक्साइज होती, सर्व्हिस टॅक्स होता. मला वाटलं, ही मुलं ज्यावर विनोद करतायत तो शब्दही मला कळत नाही. मी आत जाऊन काय सांगू?

लिहिताना आत्ता लक्षात येतंय की माणसांची भीती वाटलीच नव्हती.

---

खतावणी | १८ जुलै, दुपारी ४:२५

वाटलंच. आता जरा लांबण लावतो.

मी १९८१ ला लागलो. आमच्या साहेबांना विक्रीकराचा कायदा तोंडपाठ. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला आणि त्या सकाळी साहेब आणि मी सारखेच कोरे झालो. पन्नाशीचा तो माणूस मला विचारायचा, "अरे, सेट-ऑफ कसा काढायचा रे?" (सेट-ऑफ म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करणं.) १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मी निवृत्तीच्या दारात होतो आणि माझ्या हाताखालची मुलं मला विचारत होती. आमच्या धंद्यात दर दहा-बारा वर्षांनी सगळ्यांची पाटी पुसली जाते. तुमची पुसली तेव्हा तुम्ही घरी होतात, इतकाच फरक.

आता टू-बी. २०१४ पर्यंत काम केलंत म्हणजे जे-वन आणि जे-टू नक्की भरले असतील. जे-वनमध्ये कोणाला विकलं, जे-टूमध्ये कोणाकडून घेतलं, टिन नंबरनिशी, म्हणजे व्हॅटच्या नोंदणी क्रमांकासकट. तुम्ही जे-टूत दाखवलेली खरेदी समोरच्याने त्याच्या विक्रीत दाखवली नसेल तर विक्रीकर खातं तुमचा सेट-ऑफ कापायचं. आठवतंय?

जीएसटीआर टू-बी ही त्याच जे-टूची नात समजा. पुरवठादार ११ तारखेपर्यंत स्वतःच्या विक्रीचं जीएसटीआर-१ भरतो. त्यातली तुमच्या नावावरची बिलं १४ तारखेला टू-बीच्या यादीत येतात. ती यादी आपल्या खरेदीच्या नोंदींशी ताडून बघायची आणि २० तारखेच्या थ्री-बीत, म्हणजे महिन्याच्या विवरणपत्रात, क्रेडिट (पूर्वीचा सेट-ऑफच) घ्यायचं. पूर्वी यादी तुम्ही करून खात्याला देत होतात, आता खातं करून तुम्हाला देतं. बाकी भांडण तेच. पुरवठादाराने बिल दाखवलं नाही की त्याला फोन करायचा.

एक गंमत सांगू? सोमवारी १४ तारीख होती. महिन्यातल्या ज्या एका दिवशी त्या ऑफिसात सगळे टू-बीबद्दलच बोलत असतात, नेमक्या त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहिलात. १७ ला गेला असतात तर कदाचित मुलं क्रिकेटबद्दल बोलत असती आणि तुम्ही आत गेला असतात.

आणि सी फॉर्म, परराज्यातल्या विक्रीला कमी कर लागावा म्हणून गिऱ्हाइकाकडून घ्यायचे ते, गोळा केलेत ना? परराज्यातल्या पार्ट्यांच्या वर्ष-वर्ष मागे लागून, दहा-दहा फोन करून, साहेब जागेवर नाहीत हे ऐकून? ज्या बाईने सी फॉर्म वसूल केलेत ती स्वतःला बुजरी म्हणवते, याचं मला आश्चर्य वाटतं.

---

शनवारपेठी | १८ जुलै, संध्याकाळी ५:०२

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. आयुष्यात पहिल्यांदा करप्रणाली वाचून बरं वाटलं.

---

अबोली | १८ जुलै, रात्री ११:१५

जे-टू! अहो, मार्च महिन्यात मी रात्री नऊपर्यंत बसून जे-टू जुळवलेत. एका पार्टीने टिनचा एक आकडा चुकवला म्हणून चिंचवडला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले होते, देईपर्यंत उठले नव्हते. ती मीच होते का, असं वाटायला लागलंय.

आता कुठून सुरुवात करू?

---

खतावणी | १९ जुलै, सकाळी ८:००

टॅलीपासून. तुम्ही ईआरपी नाइनवर काम केलं असेल, आता टॅलीप्राइम आहे. शिकण्यासाठीची प्रत फुकट मिळते, फक्त तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. सरावाला तेवढं पुरतं.

मग नऱ्हे-धायरीत फिरा, तिकडे लहान वर्कशॉप्स भरपूर आहेत. ओळखीच्या एखाद्याला म्हणा, तुमची गेल्या महिन्याची खरेदीची बिलं आणि टू-बीची एक्सेल द्या, मी फुकट जुळवून देते. बहुतेकांकडे ती गोणीत पडलेली असतात. हातात खरी बिलं, खरे घोळ आले पाहिजेत. पुस्तकातली उदाहरणं नेहमी जुळतात, तीच त्यांची खोड आहे.

---

कॉट_बेसिस | २८ जुलै, रात्री २:३०

धागा सगळा वाचला. माझं उलटं आहे म्हणून लिहितो.

वय ३०, मूळ गाव लातूर जिल्ह्यात, सहा वर्षं नवी पेठेत. राज्यसेवा. तीनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य थोडक्यात हुकली. माझ्यात आत्मविश्वास कमी नाही. खूप आहे, तोच प्रॉब्लेम आहे. दर निकालानंतर पंधरा दिवस पडून राहतो आणि सोळाव्या दिवशी वाटतं, पुढच्या वेळी नक्की. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकला म्हणून रस्त्यावर बसलेल्या मुलांत मीही होतो. तो ढकलला २०२५ पर्यंत. तेव्हा वाटलं, दोन वर्षं मिळाली. आता २०२५ उजाडलं.

बापू महिन्याला नऊ हजार पाठवतात. खोलीत चार कॉट, अभ्यासिका वेगळी, मेस वेगळी. इथे सगळे सांगतात जिद्द सोडू नकोस. चहावालाही सांगतो. जिद्द कधी सोडायची हे कोणी सांगत नाही.

---

टेकडीवाला | २८ जुलै, सकाळी ६:०५

मित्रा, मी सांगतो. पाच अटेम्प्ट देऊन २०१६ ला सोडलं.

सोडण्यात अवघड गोष्ट अभ्यास नव्हती, वडिलांना फोन करणं ही होती. तीन महिने केला नाही. शास्त्री रोडवरच्या एका अमृततुल्यासमोर उभा राहून शेवटी केला. मनात मोठं भाषण तयार होतं. दोन वाक्यं झाली आणि वडील म्हणाले, "मग खोलीचं डिपॉझिट परत मिळतंय का बघ." त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, त्यांनी माझ्याआधीच हिशेब मिटवलेला होता.

पुढचं वर्ष वाईट गेलं. विमा कंपनीत दाव्यांच्या कागदपत्रांचं काम मिळालं ते ओळखीतून, अभ्यासातून नाही. पण कायद्याची भाषा वाचायची सवय होती, तिथे ती उपयोगाला आली. कोणी पद विचारलं की पहिली दोन वर्षं आवाज खाली जायचा. आता जात नाही. मध्ये काय बदललं ते नीट सांगता येणार नाही.

---

खतावणी | २८ जुलै, सकाळी ८:३०

बाळा, खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ आहे म्हणून ३८ पर्यंत बसायचं असं कुठे लिहिलेलं नाही. ती आयोगाची तारीख आहे. तुझी तारीख तू लिही, आणि बापूंना सांगून लिही. नाहीतर ती पुसता येते.

---

सकारात्मक_रहा | २८ जुलै, सकाळी १०:१५

पण काका, शेवटच्या प्रयत्नात यश मिळालेले कितीतरी आहेत! सोडलं असतं तर?

---

शनवारपेठी | २८ जुलै, सकाळी १०:४०

आहेत, आणि त्यांचे फ्लेक्स लागतात. शेवटच्या प्रयत्नातही न झालेल्यांचे फ्लेक्स लागत नाहीत, म्हणून ते मोजता येत नाहीत.

---

मनकवडी | २८ जुलै, दुपारी १२:००

कॉट_बेसिस, तुम्ही रात्री अडीचला लिहिलंय, म्हणून विचारते. झोप किती होते? ते "पंधरा दिवस पडून" म्हणजे जेवणखाण, बोलणं सगळं बंद असं असेल तर कोणाशी तरी बोला. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ वर फोन लावला की मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते. मी माझ्या विद्यार्थ्यांनाही हाच नंबर देते.

बाकी खतावणीकाकांशी सहमत.

---

अबोली | १२ ऑगस्ट, रात्री १०:०५

आज गेले. त्याच जिन्याने.

मागचं थोडं सांगते. मैत्रिणीला फोन करून खरं सांगितलं. ती आधी चिडली, मग हसत सुटली. जागा अजून रिकामीच होती! म्हणजे मी घरी जे खोटं सांगितलं होतं ते खोटंच राहिलं होतं. एका फॅब्रिकेशनवाल्या दादांची दोन महिन्यांची बिलं जुळवून दिली. एकवीस बिलं टू-बीत नव्हती. त्यातली नऊ त्यांनी स्वतःच दोनदा नोंदवलेली निघाली.

मुलाखत दहा मिनिटंही झाली नाही. सरांनी विचारलं, ई-इनव्हॉइसची मर्यादा सध्या किती? म्हणजे किती उलाढालीपासून बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. मला येत नव्हतं. घाम फुटला. म्हटलं, "आत्ता माहीत नाही, संध्याकाळपर्यंत सांगते." ते नुसतं "हं" म्हणाले. त्यानंतर बोलताना एकदा तोंडातून "एक्साइज" निघून गेलं आणि कोपऱ्यातला मुलगा हसला. तोच, टू-बीवाला. मग गॅपबद्दल विचारलं, मी ती एक ओळ म्हटली आणि गप्प बसले. ते गप्प बसणं सर्वांत अवघड गेलं, जीभ नुसती वळवळत होती.

घरी येताना बसमध्येच शोधलं आणि मेसेज केला: पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर, १ ऑगस्ट २०२३ पासून. स्वारगेटहून बस निघाली होती, सिंहगड रोडवर उड्डाणपूल झाला तरी जिथे अडकायची तिथेच अडकली होती. तेवढ्यात उत्तर आलं: "१८ पासून या."

पगार वीस मागितला, सतरावर ठरला. हिंजवडी_जॅम, तुमच्यामुळे मागितला तरी. मनात बारा होते.

नवऱ्याला रात्री सगळं सांगितलं, घेवड्यासकट. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. नोकरी गेली म्हणून कोणी दोन किलो घेवडा आणत नाही."

---

हिंजवडी_जॅम | १२ ऑगस्ट, रात्री १०:२०

"आत्ता माहीत नाही, संध्याकाळपर्यंत सांगते." मी हे वाक्य आमच्या बारा वर्षं अनुभववाल्यांकडून ऐकायला तरसतो. ते ठोकून देतात काहीतरी.

---

शनवारपेठी | १२ ऑगस्ट, रात्री १०:३३

अभिनंदन. सतरा कमी आहेत, पण अभिनंदन. मार्चनंतर आठवणीने भांडा.

---

अबोली | २४ सप्टेंबर, रात्री ११:००

सगळ्यांनी विचारलं म्हणून लिहितेय. छान चाललंय असं सरळ म्हणता येणार नाही.

पहिल्या महिन्यात एका पार्टीच्या जेवणाच्या बिलाचं क्रेडिट घेऊन टाकलं. जीएसटी कायद्याचं कलम १७(५), खाण्यापिण्याचं क्रेडिट मिळत नाही. सरांनी सगळ्यांसमोर दाखवलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. गणपतीत चार दिवस सुट्टी होती, परत जावंसं वाटत नव्हतं. गेले, कारण पार्टीच्या फाइल्स माझ्या टेबलावर होत्या आणि त्या दुसऱ्या कोणाला कळल्या नसत्या.

आणि मग परवाचा २२ सप्टेंबर. दर बदलले. १२ आणि २८ चे टप्पे जवळपास गेले. आमच्या भोसरीच्या पार्ट्या गाड्यांचे सुटे भाग करतात, त्यांचा २८ चा माल १८ वर आला. सकाळपासून फोन सुरू: माल २० तारखेला गेला, बिल २३ ला करणार, कुठला दर? ॲडव्हान्स आधी आला होता, मग?

ऑफिसात कोणालाच झटकन सांगता येईना. सरही पुस्तक उघडून बसले. खतावणीकाका, तुमचे साहेब आठवले. दर बदलला की कुठला लावायचा ते सांगणारं कलम १४ मी रविवारी रात्री वाचून ठेवलं होतं. मुलांना कागदावर तीन चौकोन काढून दाखवले: माल, बिल, पैसे. तीनपैकी दोन २२ च्या आधी पडले तर जुना दर, दोन नंतर पडले तर नवा. टू-बीवाल्या मुलाने त्याचा फोटो काढला आणि पार्ट्यांच्या ग्रुपवर टाकला. माझं अक्षर इतकं वाईट आहे हे आधी कळलं असतं तर नीट काढलं असतं.

---

खतावणी | २५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

चौकोन झकास. माझ्या काळात आम्ही हेच तोंडी सांगायचो आणि तिसऱ्या माणसापर्यंत उलटं पोचायचं.

---

कॉट_बेसिस | ३० सप्टेंबर, रात्री ९:४०

गावाकडून लिहितोय. पूर्व परीक्षा २८ ला होती, पुरामुळे ९ नोव्हेंबरला गेली. सोयाबीन पाण्यात आहे. बापू बोलत नाहीत, बांधावर जाऊन उभे राहतात.

पंचनाम्याचे कागद, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, बँक पासबुक, कोणाचं काय राहिलंय ते बघतोय. गल्लीतली म्हातारी माणसं सकाळी सातला दारात येऊन बसतात. शासन निर्णय वाचून सांगतो. सहा वर्षं तेच तर वाचलं.

---

टेकडीवाला | १ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. विम्याचे कागद असतील तर थेट मलाच पाठव, ते माझं रोजचं काम आहे.

---

कॉट_बेसिस | १० नोव्हेंबर, रात्री ११:२०

काल पेपर दिला. बरा गेला, म्हणजे दरवेळी जितका बरा जातो तितकाच.

दिवाळीत बापूंना तारीख सांगितली. यंदा पूर्व निघाली तर मुख्य देणार, नाही निघाली तर नाही, आणि दोन्हीकडे त्यानंतर थांबणार. कॅलेंडरवर लिहिलं, त्यांच्यासमोर. ते म्हणाले, पेनाने लिही. तोवर टेकडीवाला दादांनी एका ठिकाणी पीक विम्याच्या अर्जांचं अर्धवेळ काम बघून दिलंय. नऊ हजारांतले चार कमी केले. बापूंनी पाचच पाठवले या महिन्यात, मागे न लागता.

---

सकारात्मक_रहा | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

खूप शुभेच्छा!! (आरसा मी अजून सोडलेला नाही. मला उपयोग होतो. मनकवडी, रागावू नका.)

---

मनकवडी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अजिबात नाही. त्या अभ्यासातही तुमच्यासारख्यांना बरंच वाटलं होतं.

---

खतावणी | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

अबोलीताई, कामाचा प्रश्न. आमच्या मेव्हण्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. ऑगस्टमध्ये २८ टक्क्यांनी घेतलेला काही माल आता परत करतोय. पुरवठादार म्हणतो क्रेडिट नोट १८ ने देणार. मी म्हणतो २८ ने. मेव्हणा म्हणतो दोघांपैकी ज्याला कळतं त्याला विचारा.

---

अबोली | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

काका, २८ च. मूळ बिल ज्या दराचं, क्रेडिट नोट त्याच दराची. पुरवठादाराला कलम ३४ बघायला सांगा, ऐकलं नाही तर त्याचा नंबर द्या. परवा करते फोन, उद्या २० आहे.